हॉलसमोरची पायरी

दिवाळीचे कंदील उतरवून होतात न होतात तोच आमचा फोन वाजायला लागतो. पलीकडे कुठल्या तरी शाळेतल्या बाई, त्यांच्या मागे पोरांचा गलका, आणि पहिला प्रश्न ठरलेला. ‘मावळे आहेत का शिल्लक?’ आहेत म्हणते. ‘आणि कोळी?’ तेही आहेत. ‘शेतकरी?’ शेतकरीही आहेत, एका धोतराला डाग पडलाय, पण शेतकऱ्याच्या धोतराला डाग असलेलाच बरा दिसतो. पलीकडून हसू ऐकू येत नाही. पुण्यातल्या बाईंना घाई असते. मग मी स्टुलावर चढते, माळ्यावरची गाठोडी खाली ढकलते, डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरतो आणि शिंकता शिंकता लक्षात येतं, गॅदरिंगचा सीझन लागला.

एके काळी ह्या वासाने मला हुरूप यायचा. आता आधी कंबर आठवते.

आमचा धंदा ड्रेपरीचा. म्हणजे नाटकाला, नाचाला, मिरवणुकीला लागणारे कपडे भाड्याने द्यायचे. सध्या आमचं दुकान पुण्यात एका नाट्यगृहाच्या मागच्या बोळात आहे. बोळ अरुंद, ऊन दुपारी घटकाभर येतं आणि जातं. पण ह्या एवढ्याशा बोळात काय नाही? केसांचे टोप करणारा आहे, सेट बनवणारा सुतार आहे, लाइटवाला आहे, जुनी रेकॉर्डिंग शोधून देणारा एक तऱ्हेवाईक माणूस आहे. सगळे नाट्यगृहाच्या भिंतीला पाठ लावून बसलेले. थंडीत गुरं जशी एकमेकांना टेकून बसतात, तसे. इथे आमचं बरं चाललंय. तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि तरीही संध्याकाळी शटर ओढताना रोज वाटतं की आपण कुणाच्या तरी घरी मुक्कामाला आलोय आणि निघायचं विसरलोय.

आम्ही मूळचे भोरचे. तिथे आमचं दुकान हॉलच्या बरोबर समोर होतं. मध्ये एक एसटी जेमतेम जाईल एवढा रस्ता. हॉल काही देखणा नव्हता. वर पत्रे, स्टेज लाकडी फळ्यांचं, त्यावर पोरं नाचायला लागली की आवाज थेट आमच्या गल्ल्यापर्यंत. पंखे होते, त्यांतले काही फिरायचे. पण हॉलला दगडी पायऱ्या होत्या, चांगल्या रुंद, आणि समोर आमच्या दुकानाला एकच लांब पायरी. त्या पायऱ्यांवर आणि आमच्या पायरीवर हिवाळाभर माणसं बसलेली असायची. वेल्ह्याकडच्या शाळांमधल्या बाई आणि गुरुजी, भजनी मंडळातले तबलेवाले, लेझीम शिकवणारे, आणि काहीही काम नसलेले दोघेतिघे. ते तर प्रत्येक गावात असतातच.

आमच्या शेजारी बंडूनानांची खोली. नाना मेकअपवाले. पलीकडे स्पीकरवाला, मागच्या बाजूला पडदे रंगवणारा पेंटर, कोपऱ्यावर हँडबिलं छापणारा छापखाना. ह्यांना कुणी आणून वसवलं नव्हतं. हॉल होता म्हणून नाना आले, नाना होते म्हणून आम्ही आलो, आम्ही होतो म्हणून पेंटरने मागची पडवी घेतली. चूल पेटली की भांडी आपोआप तिच्याभोवती जमतात, तेवढंच ते साधं होतं. ते साधं आहे हे तेव्हा कळत मात्र नव्हतं. आम्हाला वाटायचं, आपला माल चांगला म्हणून माणसं येतात.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या बाजूच्या दारातून कुणीतरी ओरडायचं, ‘सुमनताई, दोन मिशा!’ की मी मिशा कागदात गुंडाळून रस्ता ओलांडायची. ‘एक नथ!’ पुन्हा रस्ता. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा मला पाहून ब्रेक दाबायचा आणि खिडकीतून विचारायचा, ‘राजा तयार झाला का?’

आमच्या ह्यांची खासियत फेट्यांची. फेटे आधीच बांधून ठेवायला हवेत, आणि डोकी तर डोंगरात, वाड्यावस्त्यांवर. मग हे पायरीवर बसून स्वतःच्या गुडघ्यावर फेटे बांधायचे. नुसता गुडघा म्हणजे चौथीचं डोकं. गुडघ्यावर टॉवेल गुंडाळला की आठवीचं. त्यावर आणखी उशीची खोळ चढवली की हेडमास्तरांचं. एका पाठोपाठ एक फेटे उतरायचे आणि पायरीवर रांगेत ठेवले जायचे, आणि समोरून जाणारी पोरं उगाचच एखादा डोक्यावर घालून पाहायची. हे वरवर रागवायचे. मनातून खूश असायचे, हे मला त्यांच्या कानाकडे पाहून कळायचं. खूश झाले की ह्यांचे कान लाल होतात.

एका वर्षी वरच्या वस्तीवरचा एक धनगर आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी धनगरी नाचात होती. आम्ही दिलेलं घोंगडं त्याने हातात घेतलं, चोळून पाहिलं आणि इतका हसला की त्याला खोकला आला. ‘धनगराच्या पोरीला भाड्याचं घोंगडं? आन् हे बी नायलनचं?’ त्याने आपल्या खांद्यावरचं काढून तिच्या खांद्यावर टाकलं. कार्यक्रम झाल्यावर ह्यांनी ते विकत मागितलं, त्याने दिलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मात्र एसटीच्या कंडक्टरबरोबर एक नवंकोरं घोंगडं पाठवून दिलं, निरोप एवढाच, नायलनचं फेकून द्या. ते घोंगडं अजून आमच्याकडे आहे. मध्यंतरी पुण्यातल्या एका शाळेने वास येतो म्हणून परत केलं. मी ते पुन्हा घडी घालून ठेवलं. वास येतो खरा. मेंढरांचा आणि धुराचा. मला बरं नसलं की मी तेच पांघरते.

आणि शेडगेबाई! तोरण्याच्या पायथ्याच्या एका छोट्या शाळेत त्या शिकवतात. सकाळच्या पहिल्या गाडीने भोरला यायच्या आणि शेवटच्या गाडीने जायच्या. एकदा त्या शेतकरी नृत्याचे कपडे ठरवायला आल्या होत्या. नाना समोर हॉलच्या पायऱ्यांवर शेंगा खात बसलेले. तिथूनच म्हणाले, ‘बाई, ती हिरवीपिवळी धोतरं कशापायी? तुमच्याकडं पावसात भात लावताना बाया पानांची इरली घेत्यात ना डोक्यावर? तीच घ्या की!’ पेंटर मागून आला, म्हणाला मी पडद्यावर चिखल रंगवतो. तबलेवाला पायरीवरच बोटं आपटायला लागला. संध्याकाळपर्यंत एक नाच उभा राहिला, जो सकाळी कुणाच्याच डोक्यात नव्हता. त्या नाचाला हॉलमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. आपल्याच पाठीवरचं इरलं स्टेजवर पाहून त्यांना हसावं की रडावं कळेना.

मग एका पावसाळ्यानंतर हॉलच्या दाराला कुलूप लागलं. वर पाटी, ‘दुरुस्तीसाठी बंद’. आम्हाला वाटलं, पत्रे बदलतील आणि उघडतील. पण पाटीवरची अक्षरं पुसट झाली, पायऱ्यांच्या फटींतून गवत आलं, त्या गवतावर शेळ्या आल्या. आधी स्पीकरवाला गेला, हायवेला, लग्नाच्या लॉनजवळ. पेंटरचं काम फ्लेक्सने खाल्लं. छापखान्याने पत्रिकांवर थोडे दिवस काढले. शाळा आपापल्या मैदानात कार्यक्रम करू लागल्या आणि आमच्या पायरीवर ती कामधंदा नसलेली माणसंसुद्धा बसेनाशी झाली. ती बसायची बंद झाली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुकान कापूरहोळच्या फाट्यावर हलवायची कल्पना नानांची. पण आम्हा तिघांनाही ती तितकीच पटली, त्यामुळे नानांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘हे बघा,’ नाना म्हणाले, ‘भोरचं माणूस पुण्याला जाणार ते कापूरहोळवरनं. वेल्ह्याचं भोरला येणार ते बी तिथनंच. समद्या गाड्या थांबत्यात. गिऱ्हाईक हुडकत बसायची गरजच न्हाई.’ ऐकायला किती शहाणपणाचं होतं! आम्ही टेम्पोत गाठोडी भरली आणि फाट्यावर एक गाळा घेतला. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला ढाबा.

तो एक हिवाळा मी विसरायचा खूप प्रयत्न केला. पण दर वर्षी गाठोडी सोडली की तोच आधी बाहेर येतो. सकाळी हायवेवर धुकं, त्यात ट्रकचे दिवे, आणि दहा वाजेपर्यंत शेजारच्या ढाब्यातली लसणाची फोडणी मखमलीच्या अंगरख्यात मुरलेली. पंक्चरवाल्याचा हातोडा दिवसभर चालू. मुकुटांवर धुळीचा थर एवढा, की रोज सकाळी मी देवादिकांना फडक्याने पुसत बसायची. गर्दी मात्र विचारू नका. दिवसभर माणसंच माणसं, पिशव्या, पोरं, शेअर रिक्षा, हाका. एक ट्रकवाला शर्टाचं बटण लावून मागायला आला. दुसऱ्याने तलवार पाहून विचारलं, ‘ऊस तुटंल का हिनं?’ तलवार पत्र्याची होती. तुटली असती तर तीच तुटली असती.

शेडगेबाई आल्या, पण दुकानात उभ्या राहूनही त्यांची मान रस्त्याकडे.

‘बसा की बाई,’ मी म्हटलं. ‘चहा सांगते.’

‘नको ओ ताई, नसरापूरची गाडी लागलीय. चुकली तर लई हाल हुतील.’

‘अहो पण नाच कोणता बसवायचा, काही ठरवलं का?’

‘तेच द्या, कोळी. मागच्या वर्षीचे.’

एवढं बोलून, गाठोडं काखेत मारून त्या पळाल्या. तोरण्याच्या पायथ्याची पोरं! समुद्र काय, मोठी होडीसुद्धा त्यांच्यातल्या निम्म्यांनी पाहिलेली नसेल. त्यांनी त्या वर्षी पुन्हा वल्हव वल्हव केलं. नाना आपल्या स्टुलावर रंगाचे डबे उघडून बसलेले होते. त्यांनी बाईंना पाहिलं, बाईंनी त्यांना पाहिलंसुद्धा नाही.

फाट्यावर माणूस थांबतो तो पुढची गाडी येईपर्यंत. त्याचं शरीर तिथे असतं, मन केव्हाच गाडीत बसलेलं असतं. आमच्यासारख्यांना गर्दी पुरत नाही, निवांत बसलेली माणसं लागतात. हॉल आम्हाला ती देत होता. स्टेज, पंखे, पडदे हे वरचं झालं. खरं म्हणजे तो माणसांना बसायला कारण द्यायचा. हे कळलं तेव्हा होळी जवळ आली होती आणि आमच्या तिघांचं बोलणं कमी झालं होतं. नाना आधी पुण्याला गेले, नाट्यगृहाच्या मागे. मग त्यांनीच आम्हाला बोलावून घेतलं. धंदा वाचला. ह्यांनी पुण्यात आल्यावर गुडघ्यावर फेटे बांधणं सोडलं, कारण इकडे शिवलेले तयार फेटे चालतात, मागे वेल्क्रो लावलेले. कोणत्याही डोक्याला बसतात आणि कोणत्याच डोक्यावर शोभत नाहीत.

यंदा दिवाळीनंतरच्या फोनांमध्ये एक फोन शेडगेबाईंचा होता. ‘ताई, आपला हॉल उघडतोय! नवा केलाय पार. उद्घाटनाला आमच्या शाळेचा नाच घेतलाय. मावळे घेऊन तुम्हीच या. आणि तुमच्या त्या दुकानाचं शटर रिकामंच हाये बरं का, मी बघून आले.’

त्या दिवसापासून मला झोप नीट लागली नाही. ह्यांना सांगितलं तर हे कितीतरी वेळ सुईत दोराच ओवत राहिले. मग म्हणाले, ‘सुमे, माझं गुडघं गेलं आता. किती येळा गाठोडी उचलायची माणसानं?’

‘आता नाही गेलो तर मग कधीच नाही जाणार आपण,’ मी म्हटलं. ‘तुम्हालाही ठाऊक आहे.’

‘ठाव हाये. म्हनूनच म्हनतोय, ऱ्हाऊ दे.’

नानांना विचारलं. त्यांना आता बारीक दिसत नाही, भुवया अंदाजाने काढतात. ‘तू जा हवं तर,’ ते म्हणाले. ‘म्या न्हाई येनार. हितं निदान डोळं मिटलं तरी भिंत कुठं हाय ते कळतं मला.’

मला परत जायचं होतं. वय झालेल्या माणसाने असा हट्ट धरू नये म्हणतात, पण मी धरला होता. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही मावळ्यांची गाठोडी घेऊन भोरला उतरलो. सेफ्टीपिना आणते असं ह्यांना सांगून मी आधी जागामालकांच्या घरी गेले आणि शटरची किल्ली मागून घेतली. शटर वर गेलं. आत भिंतीवर मुकुट टांगायचे आमचेच खिळे. कोपऱ्यात नानांच्या रंगाचा एक डाग. मी तिथे थोडी रडले, मग पदराने तोंड पुसलं आणि रस्ता ओलांडून हॉलकडे गेले.

हॉल सुंदर झालाय. खोटं कशाला बोलू? थंडगार हवा, मऊ खुर्च्या, मेकअपच्या खोलीत आरशांभोवती दिवे. नानांनी पाहिलं असतं तर आरशाला नमस्कार केला असता. पण पायऱ्या गेल्या. त्या जागी गुळगुळीत उतार, लोखंडी कठडा आणि काचेचं दार. व्हीलचेअरसाठी उतार केला ते चांगलंच केलं, पण शेजारी चार पायऱ्या ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी कठड्याला टेकले तर वॉचमन आला. चांगला होता बिचारा. ‘मावशी, हितं थांबू नका, पाव्हणे यायलेत. कार्यक्रम आसला की दार उघडतं, मग या.’ आणि नसला की? ‘मग कुलूप आसतं.’

तिथेच माझा निर्णय झाला. ज्याच्यासाठी जीव अडकला होता ते परत आलंय, पण त्यात बसायला जागा नाही. आमचा धंदा इथे पुन्हा उभा राहणार नाही. किल्ली संध्याकाळी गुपचूप परत द्यायची, ह्यांना कळूसुद्धा द्यायचं नाही. पर्सची चेन लावताना मला वाटलं त्यापेक्षा कमी दुःख झालं. फार थकलं की दुःखसुद्धा नीट होत नाही.

कार्यक्रमात एका मावळ्याची मिशी निघाली. मी बाजूच्या दाराकडे वळले, तोंड उघडलं, आणि दिसलं की ते दार आता भिंत आहे. पोरगा बिनमिशीचाच लढला. टाळ्या चांगल्या पडल्या.

पाहुणे गेले, दिवे मालवले, काचेच्या दाराला कुलूप लागलं, आणि शाळेची जीप काही येईना. घाटात कुठेतरी अडकली म्हणे. पोरं अंगरख्यांसकट रस्त्यावर. उतारावर उभं राहता येईना, कठड्यावर बसता येईना. शेवटी एकेक करून सगळी रस्ता ओलांडून आमच्या बंद शटरच्या पायरीवर जाऊन बसली. शेडगेबाईंनी पिशवीतून भडंग काढलं. मीही टेकले. दगड दिवसभरचं ऊन खाऊन अजून गरम होता. एकाचा फेटा सुटला, वेल्क्रोच निघाला होता. ह्यांनी हात पुढे केला, वेल्क्रो ओढून काढून टाकला, शिवणीचे टाके उसवले, पायरीच्या कडेला हळूच बसले आणि कापड उजव्या गुडघ्यावर घेतलं. बसताना तोंडातून ‘आई गं’ निघालं. पोरं जवळ सरकली. मग दुसऱ्याने आपला चांगला बसलेला फेटासुद्धा काढून पुढे केला.

‘पुढच्या महिन्यात आमचं गॅदरिंग हाये,’ शेडगेबाई भडंग खाता खाता म्हणाल्या. ‘पोरांना कोळ्यांचा कंटाळा आलाय. काय करावं ओ?’

पहिल्यांदा एक पोरगी बोलली. ‘बाई, आमच्या आज्याचं मध काढायला जाताना म्हनायचं गानं हाये. लई लांबलचक.’

‘म्हण की,’ हे म्हणाले, वर न पाहता.

ती म्हणायला लागली. लाजत, मग न लाजता. एक मावळा ढालीवर ठेका धरू लागला. रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा थांबला, काठी टेकून पायरीच्या टोकाला बसला. त्याला कुणीच काही विचारलं नाही, त्यानेही नाही. एसटी आली, ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि सगळ्यांकडे एक नजर टाकून गेला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते.

‘सुमे,’ हे फेट्याचा शेवटचा पदर खोचत म्हणाले, ‘ह्या शटराची किल्ली कुनाकडं आसती गं आता?’

किल्ली माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. जीप लांबून दिसायला लागली होती, पोरीचं गाणं अजून संपलं नव्हतं. मी पर्सवर हात ठेवला आणि तिचं गाणं संपायची वाट पाहत बसले.